तीनशे चाळीस फुटांचं पाणी

३ एप्रिल २०१६, रविवार

घरच्या बोअरला खरं किती लागलं, ते आज चाळीस वर्षांनी मांडून पाहिलं. लोखंडी पाइप, सिमेंट, मोटर यांत बाबांच्या विम्याचा सगळा पैसा गेला. तो कागदावरचा हिशेब. कागदावर न आलेलं म्हणजे माझ्या डाव्या हाताची करंगळी, दोन उन्हाळे, आणि आयरीनशी लग्न एक वर्ष लांबलं ते. विम्याच्या चेकवर सही करताना आई म्हणाली होती, "मिलो, हे तुझ्या बापाचं शेवटचं काम समज." बाबा गेले तेव्हा सेहेचाळीसचे होते. मी वीसचा.

आठवण निघाली ती मार्लिसच्या फोनमुळे. ही माझी एकुलती एक बहीण. सात वर्षांनी लहान, लिंकन शहरातल्या शाळेत गणित शिकवते.

"मिलो, बसलायस की उभा आहेस?"

"उभा."

"मग बस."

गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग. चोपन्नाव्या वर्षी. महिनाअखेर ऑपरेशन. तिनं हे असं सांगितलं, जसं काही पोरांचा निकाल वाचून दाखवतेय. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कोणाला होता का? तिनं आजी सांगितली, व्लास्ता आत्या सांगितली.

मी म्हटलं, "ते आपल्या घरचं जुनं पाणी होतं."

"मी तीस वर्षं लिंकनचा नळ पितेय, मिलो."

"लहानपणी आपलंच प्यायलीस ना!"

पाण्याचं हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आजी एकेचाळिसाव्या वर्षी गेली, तेव्हा आजोबांनी हातानं खणलेली विहीर हातानंच बुजवली. बाबांनी पुढे बोअरिंगचा धंदा धरला तो त्याच रागानं, आणि दोनशे फुटांवर गेले. तरी आत्या गेली, मग ते स्वतः गेले. म्हणून मी तीनशे चाळीस फुटांवर गेलो. त्यानंतर या घरात कर्करोगानं एकही माणूस गेलेलं नाही. आयरीन गेली ती बर्फावरून गाडी घसरून.

११ एप्रिल, सोमवार

पहाटे पावणेपाचला पंपघरातला स्विच खट्‌कन वाजला आणि मोटर सुरू झाली. चार मिनिटं चालली. या घरात मी आणि माझी मुलगी जोलीन, दोघंच. त्या वेळी नळ कोण उघडणार? म्हणजे खालचा व्हॉल्व गळतोय. पाणी हळूहळू बोअरमध्ये परत उतरतं, टाकीतला दाब पडतो आणि मोटरला वाटतं कोणीतरी पाणी मागतंय.

नाश्त्याला जोलीनला विचारलं, "ऐकलंस?"

"काय?"

"मोटर."

"मी झोपले होते." ती अंड्याकडे बघत म्हणाली. "बाबा, तू जरा कान दाखवून घे."

या कानांवर घर चाललंय, म्हटलं. बोअरच्या गाडीवर उभा राहून मी सांगतो, खाली वाळू लागली की चिकणमाती की खडी. खडी खडखडते, माती गप्प होते. चार काउंटींतले शेतकरी फोनवर नुसती मोटर ऐकवतात आणि मी बिघाड सांगतो. आजवर एकदाही चुकलो नाही. 'एकदाही' हा शब्द मी तोलूनमापून लिहितोय.

जोलीन हसली नाही. एरवी हसते. सदतीस वर्षांची झाली, ऑक्टोबरात कर्टिसशी लग्न आहे. पहिलं मोडल्यावर दहा वर्षं माझ्याबरोबर गाडीवर राबली. आता लग्नाची धास्ती असेल.

२८ एप्रिल, गुरुवार

मार्लिसचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, "माझ्या सहावीच्या वर्गाला कोण बघतंय?" म्हणजे ठीक आहे.

नंतर तिथल्या एक मिस ऑल्सन मार्लिसच्या पलंगाशी आम्हाला घेऊन बसल्या. यांचं काम म्हणजे घराण्याचा कर्करोग समजावून सांगणं. वय तिशीच्या आत. मार्लिसची गाठ तपासली आणि रक्तही तपासलं, त्यात लिंच सिंड्रोम निघाला. पेशी नवी होताना चुका होतात, त्या दुरुस्त करणारा एक जनुक असतो, तो आमच्यात मोडका आहे. मग चुका साठत जातात. आतडं आणि गर्भाशय, या दोन ठिकाणी जास्त. ज्या बायकांत हा मोडका जनुक असतो, त्यांतल्या शंभरातल्या चाळीस-पन्नास जणींना अस्तराचा कर्करोग होऊ शकतो. आणि वय झाल्यावर नव्हे, आधीच. नाव ज्या डॉक्टरवरून पडलं ते इथलेच, ओमाहाचे.

मी म्हटलं, "मला गर्भाशय नाही."

"तेवढं माझ्या लक्षात आलंय, मिस्टर दुशेक," त्या म्हणाल्या. "पण हा बापाकडूनही येतो. तुमच्या बहिणीत आहे, म्हणजे तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी. तुमच्यात असेल तर मुलीत असण्याची निम्मी. नाणं उडवल्यासारखं."

"मी आईवर गेलोय. एकसष्ट वर्षांत एक दिवस दवाखान्यात झोपलो नाही. करंगळीसुद्धा स्वयंपाकघरात शिवून घेतली."

मार्लिस पलंगावरून म्हणाली, "आणि ती वाकडी शिवली गेली, हेही सांग त्यांना."

जोलीन मात्र एकेक गोष्ट खोदून विचारत होती. पहिलं लक्षण काय? पाळी नसताना अंगावरून जाणं. रोज जायला हवं का? नाही, मधूनमधूनही. सदतीस-अडतीसमध्येही होतं? होतं. मग काय करतात? आधी अस्तराचा तुकडा तपासतात, तो दवाखान्यात दहा मिनिटांत काढता येतो. मग मूल? मिस ऑल्सन म्हणाल्या, "ते बसून बोलावं लागतं. पण लक्षण असेल तर थांबायचं नाही." पोरीनं आत्यासाठी किती बारकाईनं चौकशी केली! चिकित्सकपणा माझा घेतलाय.

थुंकी भरून पाठवायच्या दोन ट्यूब दिल्या. जोलीननं तिची परत केली. म्हणाली, "आधी बाबाची जाऊ दे. त्याच्यात नसेल तर माझ्यात येणारच नाही." हिशेब चोख आहे. मिस ऑल्सन म्हणाल्या, दोन्ही एकदम दिल्या तरी चालतील. जोलीन म्हणाली, "नको. आधी बाबा."

१० मे, मंगळवार

ट्यूब फ्रिजवर आहे. त्याऐवजी घरच्या पाण्याचा नमुना सरकारी प्रयोगशाळेला पाठवला. जे काही तपासता येतं ते सगळं तपासा, म्हटलं. नायट्रेट, आर्सेनिक, युरेनियम. रोगाच्या मुळाशी जायचं तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

"ट्यूब पाठवलीस?" जोलीननं विचारलं.

"जाईल."

"थुंकायचंय फक्त, बाबा. दिवसभर तंबाखू थुंकतोस, तशीच थुंक."

"जाईल म्हटलं ना."

ट्रकच्या सीटवर तिनं तिच्या बाजूला काळं रबरी कव्हर घातलंय. लग्नाला गाडी स्वच्छ हवी म्हणे. शहरातून गडद तपकिरी चादरी आणल्या. आयरीन पांढऱ्याशिवाय वापरत नसे. आणि खाणं तर काय सांगावं, आठवड्यात तीनदा कलेजी आणि कांदा. जी पोर लहानपणी कलेजी टेबलाखालून कुत्र्याला घालायची, ती!

मोटर पहाटे पुन्हा वाजली. या आठवड्यात चौथ्यांदा.

३० मे, सोमवार. डेकोरेशन डे

आपल्या गेलेल्यांच्या थडग्यांवर फुलं वाहायचा दिवस. दरवर्षीप्रमाणे पिओनीची फुलं, बादल्या, ब्रश घेऊन दफनभूमीत गेलो. मार्लिसला वाकायची मनाई, म्हणून ती खुर्चीत बसून हुकूम सोडत होती. जोलीन दगड घासत होती.

मिस ऑल्सनना घराण्याची वंशावळ हवी होती, प्रत्येकाचं वय लिहून. मी वही घेऊन दगडांपुढून चालत गेलो. चाळीस वर्षं हे दगड धुतोय, पण मोठ्या सालातून लहान साल कधी वजा केलं नव्हतं.

आजी बोझेना, एकेचाळीस. व्लास्ता आत्या, चव्वेचाळीस. एड काका, पन्नास. बाबा, सेहेचाळीस.

"एड काका कशानं?" मार्लिसनं विचारलं.

"पोटानं."

"आणि बाबा?"

"पोटानं."

"पोट म्हणजे आतडं, मिलो. या घरात 'आतडं' शब्द कोणी उच्चारलाच नाही, म्हणून सगळे पोटानं गेले. आणि बायका 'बायकांच्या दुखण्यानं'."

मी म्हटलं, एड काका सोळाव्या वर्षी सैन्यात गेला तो राहायला परत आलाच नाही, आला तो पेटीतून. सगळा जन्म कॅलिफोर्नियात काढला. बोलून गेलो आणि मग माझंच मला ऐकू आलं. चौतीस वर्षं कॅलिफोर्नियात, तिथे आमच्या विहिरीचं पाणी कुठून येणार?

परत आलो तर जोलीन व्लास्ता आत्याच्या दगडाला टेकून बसली होती, ओठ पांढरे. ऊन लागलं म्हणाली. ऊन नव्हतं.

९ जून, गुरुवार

आज घरच्या बोअरमधली मोटर वर काढली. चौदा पाइप, एकेक सोडवून. जोलीन मदतीला यायचं सोडून सकाळपासून अडून बसली होती. "बाबा, राहू दे ना. पाणी येतंय ना? कशाला उगाच उचकटतोस?" आळस म्हणावा तर हिच्यात तो कधी नव्हता. शेवटी आली, पण चार पाइप झाल्यावर शिडीवर बसली आणि म्हणाली, "डोकं गरगरतंय."

"जेवतेस ना नीट?"

"गाऊनमध्ये मावायचंय मला."

व्हॉल्व नवा बसवला. जुना बाकावर टाकला. संध्याकाळी कर्टिस आला, त्याला म्हटलं, "आता पहाटे ऐक, चिडीचूप. दोन महिने कानांनी सांगितलं ते आज हातांनी केलं." कर्टिसनं जोलीनकडे पाहिलं आणि जोलीननं खिडकीकडे.

१२ जून, रविवार

पहाटे पाच वाजता मोटर. चार मिनिटं.

१७ जून, शुक्रवार

पाण्याचा अहवाल आला. नायट्रेट मर्यादेच्या खूप खाली. आर्सेनिक नगण्य. जंतू नाहीत. फोनवरचा माणूस म्हणाला, "मिस्टर दुशेक, या काउंटीत याहून चांगलं पाणी मी पाहिलेलं नाही."

चाळीस वर्षं हे वाक्य ऐकायची वाट बघत होतो. ऐकलं आणि खुर्ची ओढून बसलो. पाणी चांगलं आहे. मग त्यांना नेलं कशानं?

जुन्या विहिरीचं तरी काय वाईट होतं, हे आता कोणाला विचारणार? आजोबांनी ती बुजवली. आजी तिच्याच पाण्यानं स्वयंपाक करायची, आजोबाही तेच प्यायचे आणि ब्याऐंशी वर्षं जगले. हे मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं.

फ्रिजवरची ट्यूब काढली. तंबाखू थुंकून चूळ भरली, अर्धा तास काही खाल्लं नाही. मग ट्यूब भरेपर्यंत थुंकत राहिलो. तोंड कोरडं पडलं होतं, वीस मिनिटं लागली. जोलीन दारात उभी राहून बघत होती. मला वाटलं टोमणा मारेल.

"थँक यू, बाबा," एवढंच म्हणाली, आणि ट्यूब स्वतः पोस्टात टाकायला गेली.

१ जुलै, शुक्रवार

काही कळलेलं नाही. मिस ऑल्सन म्हणाल्या होत्या, तीन-चार आठवडे. हेस्टिंग्जजवळ एक बोअर चालू आहे. खडी लागली की वाळू, आज मला सांगता येईना. थांबून गाळ हातात घेऊन बघावा लागला.

१४ जुलै, गुरुवार

मिस ऑल्सनचा फोन आला तेव्हा आम्ही दोघं पंपघराजवळ पाइपांना रंग देत होतो. माझ्यात आहे. त्या हळू आवाजात बोलत होत्या, आतड्याची तपासणी लगेच, मग दर वर्षी. आणि जोलीननं भेटायला यावं.

मी फोन खाली ठेवला. बाबांचंच वाक्य तोंडात आलं, "चालायचं." जोलीन तेवढ्यावरून समजली.

जोलीन पंपघराच्या पायरीवर बसली. हात हिरव्या रंगानं माखलेले.

"फेब्रुवारीपासून," ती म्हणाली.

"काय फेब्रुवारीपासून?"

"अंगावरून जातंय. आधी थोडं. आता चादरी भिजतात."

मी म्हटलं, "डॉक्टरला..."

"दाखवलं असतं तर काढूनच टाकलं असतं ना सगळं! मला एक मूल हवं होतं, बाबा. एकच. तुझ्यात नाही म्हटले असते तर हे साधंच काहीतरी ठरलं असतं. म्हणून म्हटलं, आधी बाबा." मग नाक पुसलं, गालाला हिरवा रंग लागला. "मूर्खपणा केला. कळतंय मला."

"कर्टिसला माहीत आहे?"

"एप्रिलपासून. तो रोज डॉक्टरकडे चल म्हणायचा. मी त्याला शपथ घातली, बाबाला सांगायचं नाही."

ट्यूब पन्नास दिवस फ्रिजवर होती. दिनदर्शिकेवर बोट ठेवून मोजले.

१५ जुलै, शुक्रवार

सकाळी सातला मिस ऑल्सनना फोन केला. त्यांनी त्याच दिवशी दुपारची वेळ मिळवून दिली. अस्तराचा तुकडा काढला. खरंच दहाच मिनिटं लागली. मी बाहेर बसलो होतो. भिंतीपलीकडून काहीच ऐकू आलं नाही.

येताना गाडीत जोलीन म्हणाली, "तू गाडी एवढी हळू का चालवतोयस? तुकडा माझा काढला."

२१ जुलै, गुरुवार

आहे.

२ ऑगस्ट, मंगळवार

काल ऑपरेशन झालं. मार्लिस माझ्या शेजारी पाच तास बसून राहिली, स्वतःच्या दुखण्याची फिकीर न करता. कर्टिस सारखा येरझारा घालत होता. मार्लिस त्याला म्हणाली, "बस रे, फरशी झिजली तर दवाखाना बिल लावेल." तो बसला, तोंड झाकून रडला, मग परत उठला.

मी मार्लिसला म्हटलं, "माझ्याकडून गेलं तिला."

"तुझ्याकडे बाबांकडून आलं. बाबांकडे आजीकडून. आजीला कुठून आलं, ते आपले पूर्वज जिथले, त्या बोहेमियातल्या कुठल्या तरी दगडावर लिहिलं असेल. हे कोणी मुद्दाम देत नाही, मिलो."

"ट्यूब मी ठेवली होती."

यावर तिनं माझी समजूत काढली नाही. ती खोटं बोलत नाही. म्हणूनच मी हे तिच्याशी बोललो.

१२ ऑगस्ट, शुक्रवार

ऑपरेशनात काढलेल्या भागांचा अहवाल आला. कर्करोग अस्तरातून भिंतीत उतरला होता, पण निम्म्याच्या आत. बाहेर कुठे नाही. पुढे औषध नको, फक्त तपासण्या. डॉक्टरीणबाईंना विचारलं, "पन्नास दिवस आधी आलो असतो तर?" त्या म्हणाल्या, "पन्नास दिवस नंतर आला नाहीत, एवढ्यावर शांत झोपा."

माझ्या आतड्यात मांसाचे दोन छोटे मोड निघाले, पॉलिप म्हणतात त्यांना, तिथल्या तिथे काढले. दर वर्षी जायचं. गेल्या चार पिढ्यांत पहिल्यांदा कोणीतरी 'पोटानं' जायच्या आधी आत डोकावून पाहिलं.

जोलीन स्वयंपाकघरात बसली होती, बशीत खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे. म्हणाली, "कर्टिस म्हणतो, लग्न ऑक्टोबरातच. मी म्हटलं, माल अपुरा आहे, विचार कर. तो म्हणाला, त्याच्या गाई वर्षाला साठ वासरं देतात, मुलांचा कोटा भरलाय." हसली, आणि हसता हसता बशी बाजूला सरकवून टेबलावर डोकं ठेवलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. 

जरा वेळानं तिनं डोकं न उचलताच सांगितलं, "चादरी तळघरातल्या टाकीत धुवायचे मी. गार पाण्यात. गरम पाण्यानं डाग पक्का बसतो. तू उठायच्या आत व्हायला हवं, म्हणून पहाटे."

"मला वाटलं मोटर..."

"माहीत आहे. तू चौदा पाइप उपसलेस आणि मी शिडीवर बसून बघत होते. तेव्हाच सांगायला हवं होतं."

मी पंपघरात गेलो. जुना व्हॉल्व जूनपासून बाकावरच पडला होता. पाइपाला जोडला, पाणी भरलं, उभा धरून बादलीवर तासभर टांगून ठेवला.

बादली कोरडी होती.